फुकट तिकीट आणि वर छत्री

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर पुतण्याच्या दुकानात बसलो होतो. मोबाईलचं दुकान, तालुक्याच्या गावातलं, बाजारपेठेच्या तोंडाशी. सुरुवातीची काही वर्षं बरी गेली. आता गिऱ्हाईक येतं, हँडसेट हातात घेऊन उलटसुलट बघतं, दहा प्रश्न विचारतं आणि घरी जाऊन तोच फोन ऑनलाइन मागवतं. मग त्याला काच बसवायला परत इथंच येतं.

"चाचा, परक्यांचं सोडा," तो म्हणाला, "आपलेच लोक असं करतात. जमातीच्या ग्रुपवर रोज मेसेज, की आपल्या माणसाकडून खरेदी करा. आणि मेसेज टाकणाऱ्याच्या हातातला फोन ऑनलाइनचा!"

मी त्याला छत्रीची गोष्ट सांगितली. त्याला ती मी रचलेली वाटली. गिऱ्हाइकांच्या येण्या-जाण्यात ती अर्धीच राहिली, म्हणून इथं पूर्ण लिहितोय.

गोष्ट तमिळनाडूतल्या तुतिकोरीन बंदरातली आहे. समोर सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. तुतिकोरीन ते कोलंबो या वाटेवर माणसांची आणि मालाची कायम वर्दळ. चहाच्या मळ्यांवर जाणारे मजूर, कापड आणि तांदळाचे व्यापारी. ही सगळी वाहतूक ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या मुठीत होती. या कंपनीची मुळं १८५६ सालची. टपाल वाहून नेण्याचं सरकारी कंत्राट तिच्याकडे होतं, त्यामुळे एखाद्या मार्गावर तोटा झाला तरी तिच्या चुलीवर परिणाम होत नसे. ही बाब लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

१९०६ साली तुतिकोरीनचे एक वकील, व्ही. ओ. चिदंबरम पिल्लई, यांनी 'स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' काढली. ते टिळकांना मानणारे. पुढच्याच वर्षी सुरतेच्या काँग्रेसमध्ये टिळकांच्या बाजूनं उभे राहिलेल्यांत ते होते. कंपनीचं भांडवल दहा लाख रुपये ठरलं, २५ रुपयांचा एक असे ४० हजार शेअर. त्यांतले ८ हजार शेअर, म्हणजे २ लाख रुपयांचे, एकट्या हाजी मोहम्मद बाकीर सेठ यांनी घेतले. त्या काळातले दोन लाख! कंपनीचे अध्यक्ष होते पांडितुराई तेवर आणि सचिव हे हाजीसाहेब. आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत चिदंबरम पिल्लईंचं नाव कधीमधी 'जहाजवाले देशभक्त' म्हणून येतं. बाकीर सेठ मला तरी शाळेत भेटले नाहीत. स्वातंत्र्यलढ्यातल्या मुसलमानांची यादी करताना आपणही मौलाना आणि फाशी गेलेले तरुण आठवतो. व्यापाऱ्यानं आपली थैली मोकळी केली तर त्याला हुतात्म्याची जागा मिळत नाही. असो.

सुरुवातीला कंपनीकडं स्वतःचं जहाज नव्हतं, भाड्याचं होतं. ब्रिटिश कंपनीनं जहाजमालकावर दाब आणला आणि त्यानं जहाज काढून घेतलं. चिदंबरम पिल्लई जहाजाच्या शोधात मुंबईला आले, कलकत्त्याच्या वाऱ्या केल्या. अखेर 'गॅलिया' आणि 'लावो' ही दोन जहाजं कंपनीच्या मालकीची झाली. तुतिकोरीनच्या धक्क्यावर लोकांची झुंबड उडाली. गिऱ्हाईक फिरलं. इथवर सगळं एखाद्या सिनेमासारखं.

मग ब्रिटिश कंपनीनं भाडं उतरवलं. उतरवत उतरवत माणशी एक रुपयावर आणलं. स्वदेशीनं आठ आणे केलं. त्यावर ब्रिटिश कंपनीनं प्रवास फुकट केला, आणि सांगतात की चढणाऱ्या प्रत्येकाला वर एक छत्री भेट दिली. चटगावच्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी रंगूनच्या मार्गावर १९०५ साली 'बंगाल स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' काढली होती. तिच्याशीही हाच खेळ खेळला गेला. तिथं छत्रीऐवजी रुमाल. ती कंपनीही काही वर्षांत गुंडाळली गेली.

पुतण्या इथं थांबला आणि म्हणाला, "म्हणजे कॅशबॅक." अगदी बरोबर.

पण भाडं पाडणं ही दिसणारी लढाई होती. खरं हत्यार दिसत नसे. जहाज कंपन्यांनी आपापसात टोळ्या केल्या होत्या, त्यांना 'कॉन्फरन्स' असं सभ्य नाव होतं. अशी पहिली मोठी टोळी १८७५ साली आपल्याच कलकत्त्याच्या व्यापारावर उभी राहिली. पद्धत अशी: व्यापाऱ्यानं सहा महिने आपला सगळा माल टोळीच्याच जहाजांतून पाठवला, तर भाड्यातला ठरावीक हिस्सा त्याला परत मिळणार. पण लगेच नाही. त्यापुढच्या काही महिन्यांतही तो इमानदार राहिला, तरच. मधे एक गासडी जरी दुसऱ्याच्या जहाजात चढवली, तर साठलेली सगळी सूट बुडाली. म्हणजे व्यापाऱ्याचाच पैसा त्याच्याविरुद्ध ओलीस. नवा जहाजवाला कितीही स्वस्त भाडं देऊ दे, व्यापारी मनात हिशेब करायचा की आज याच्याकडे दोन रुपये वाचतील आणि तिकडे दोनशे बुडतील. अशा व्यापाऱ्याला देशद्रोही म्हणणं सोपं आहे. त्याच्या गादीवर बसून वही उघडली तर तितकं सोपं राहत नाही.

तुतिकोरीनला शेवटचा घाव बाजारानं घातलाच नाही, तो सरकारनं घातला. १२ मार्च १९०८ रोजी चिदंबरम पिल्लईंना अटक झाली. राजद्रोहाचा खटला चालला आणि दोन जन्मठेपा ठोठावल्या गेल्या. अपिलात शिक्षा कमी झाली, तरी १९१२च्या अखेरीपर्यंत ते तुरुंगात होते आणि तिथं त्यांना बैलाच्या जागी तेलाच्या घाण्याला जुंपलं गेलं. बाहेर कंपनीचं डोकंच गेलेलं. १९११पर्यंत ती दिवाळखोरीत निघाली. गॅलिया ज्यांच्याशी लढायला आणलं होतं त्यांच्याच पदरात पडलं, असं सांगतात.

छत्री घेणाऱ्या त्या प्रवाशांबद्दल मी खूप विचार केला आहे. माझ्या तरुणपणी मला त्यांचा राग यायचा. नंतर तो कमी होत गेला, आणि त्याला कारण माझं स्वतःचं घर.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यात असं घर विरळा की ज्यातला एखादा पुरुष जहाजावर नव्हता. कुणी खलाशी, कुणी इंजिनात कोळसा ओढणारा आगवाला, कुणी सलूनमध्ये बटलर. आणि ही जहाजं कुणाची? बहुतेक ब्रिटिश इंडियाची नाहीतर पी. अँड ओ.ची. १९१४ साली या दोन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांच्या शिखरावर लॉर्ड इंचकेप बसले, देशी जहाजउद्योगाचे सगळ्यांत चिवट प्रतिस्पर्धी. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात जी कंपनी खलनायक आहे, तिच्या पगारावर आमच्या मशिदीचं छप्पर कौलारू झालं. दादी 'बीआय कंपनी' हे नाव असं घ्यायची की जणू ते एखाद्या सधन मामाचं घर. त्या जहाजांच्या पोटात, बॉयलरपाशी आपल्या माणसांनी काय सोसलं तेही तीच सांगायची, पण कंपनीला बोल न लावता.

मुंबईहून गावी येण्याचा रस्ताही समुद्राचाच होता. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. किनाऱ्यावरची ही वाहतूक बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडं, तीही इंग्रजी व्यवस्थापनाखाली. तिच्यासमोर स्वदेशीच्या लाटेत एक सहकारी कंपनी उभी राहिली. लोक तिला लाडानं 'माझी आगबोट' म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावं: रामदास, तुकाराम. ही कंपनी तुतिकोरीनसारखी पाच वर्षांत संपली नाही, कशीबशी का होईना टिकून राहिली. पण तिच्या वाट्याला अपघात फार आले. ११ नोव्हेंबर १९२७ला 'तुकाराम' आणि 'जयंती' या बोटी एकाच दिवशी बुडाल्या आणि १७ जुलै १९४७ला रेवसजवळ 'रामदास' सहाशेहून अधिक माणसांना घेऊन गेली.

या सगळ्यात इंचकेपला पुरून उरणारा गडी सापडला तो सोलापूरचा. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि मंडळींनी १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं 'लॉयल्टी' नावाचं जहाज विकत घेतलं. युद्धात ते इस्पितळ म्हणून वापरलं गेलं होतं. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून इंग्लंडकडे निघालं. आजही हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. पण व्यवहार म्हणून पाहिलं तर ती सफर काही फायद्याची नव्हती. लंडनच्या बाजारात नवख्या हिंदी जहाजाला परतीचा माल कोण देणार?

मग सिंदिया मुकाट्यानं घरच्या पाण्यात उतरली. ब्रह्मदेशाचा तांदूळ हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आणायचा. ब्रिटिश इंडियानं जुनं पुस्तक उघडलं आणि भाडं कुणालाच परवडणार नाही इतकं खाली आणलं. फरक इतकाच की या वेळी समोर खोल खिशाचे मुंबईकर भांडवलदार होते. त्यांनी मार खाल्ला, भागधारकांच्या शिव्या खाल्ल्या, पण जहाजं विकली नाहीत. १९२३ साली तह झाला. तहाच्या अटी वाचल्या की आजही तोंड कडू होतं: सिंदियानं ७५ हजार टनांच्या पलीकडे जहाजं वाढवायची नाहीत, प्रवासी वाहतुकीत पाय टाकायचा नाही. मुदत दहा वर्षं.

वालचंदांवर टीका झाली. काहींना ही शरणागती वाटली. मला वाटतं, चिदंबरम पिल्लईंकडे जी एक गोष्ट नव्हती ती वालचंदांनी या तहात विकत घेतली: वेळ. तुतिकोरीनच्या कंपनीनं एक रुपयाला आठ आण्यांनी उत्तर दिलं, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानं निवडलेल्या मैदानावर त्याच्याच हत्यारानं लढाई दिली. सिंदियानं काही काळ तसं केलं आणि मग अपमान गिळून बाजूला सरली. या दहा वर्षांत अधिकारी तयार झाले, भांडवल सावरलं. कायद्याचा रस्ताही चाचपून पाहिला गेला. १९२८ साली किनाऱ्यावरची वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी असं विधेयक कायदेमंडळात आलं. ते 'हाजी बिल' म्हणून ओळखलं जातं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं हजयात्रेसंबंधी काही असेल. निघालं भलतंच. मांडणारे साराभाई नेमचंद हाजी, आडनावाचे हाजी. विधेयक काही मंजूर झालं नाही.

तहाची दुसरी बाजूही सांगायला हवी. टोळीच्या आत जागा मिळाल्यावर सिंदिया स्वतः टोळीवाली झाली. नंतर किनाऱ्यावर उतरलेल्या छोट्या देशी कंपन्यांना ब्रिटिश इंडियाइतकीच सिंदियाचीही धास्ती वाटू लागली. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनही पुढं तिच्याच छत्राखाली आली. कालचा आठ आणेवाला उद्या एक रुपयावाला होतो, हे जगभर चालत आलं आहे.

आता हज. इथं मामला आपल्या अंगणात येतो.

वाफेची जहाजं आली, १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, आणि मुंबई ते जेद्दा ही वाट एकदम मोठा बाजार बनली. पूर्वी महिनोन्महिने लागणारा प्रवास आवाक्यात आला आणि शेतकरी, विणकर, विधवा बाया असे लोक हजला निघू लागले. जहाजवाल्यांना हा प्रवासी सोन्याची कोंबडी वाटला. तो एकदाच येतो, तक्रार करत नाही आणि गैरसोयीला सवाब समजतो. १८८० साली 'जेद्दा' नावाच्या जहाजाला गळती लागली, तेव्हा त्याचे गोरे कप्तान आणि अधिकारी साडेनऊशेच्या आसपास हाजींना समुद्रात सोडून होडीतून निघून गेले आणि जहाज बुडाल्याचं सांगून मोकळे झाले. दुसऱ्या एका आगबोटीनं ते जहाज हाजींसकट ओढत एडनला आणलं. जोसेफ कॉनराडनं यावर कादंबरी रचली.

बदनामी वाढल्यावर सरकारनं १८८६ साली हाजींची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडं सोपवली. जगभर सहली नेणारी ही मंडळी मुंबईचे दलाल आणि जहाजमालक यांच्यापुढं थकली आणि काही वर्षांत काम सोडून गेली.

या बाजारातली स्पर्धा वेगळ्याच तऱ्हेची होती. जाताना जहाजं एकमेकांशी भांडत, भाडं पाडत, मुसाफिरखान्यापाशी दलाल हाजींना ओढत. गरीब माणूस स्वस्त तिकिटाला भुलून एकेरी प्रवास करायचा. परत येताना जेद्दाच्या किनाऱ्यावर मात्र स्पर्धा नसायची, आणि जाताना सोडलेला पैसा कंपन्या तिथं वसूल करत. ज्यांच्याकडे तेवढे पैसे नसत ते तिथंच उपाशी अडकत. शेवटी १९२५च्या सुमारास कायदा झाला की परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत असल्याखेरीज हाजीला निघताच येणार नाही. यामुळे गरिबाचा रस्ता अडतो असं म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण जेद्दाच्या धक्क्यावर भीक मागणारे हाजीही खरे होते.

हज वाहतुकीत सगळ्यांत जुनी आणि मोठी कंपनी १८७७ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन. लोक तिला मोगल लाईन म्हणत, पुढं तेच अधिकृत नाव झालं. नाव मोगलांचं आणि कारभार टर्नर मॉरिसन या इंग्रजी पेढीचा! १९३७ साली तिच्यासमोर सिंदिया उतरली. हजसाठी नवी जहाजं बांधून घेतली: 'अल मदिना' आणि 'अल हिंद'. सोलापूरचा जैन कारखानदार हाजींसाठी जहाज बांधतो आणि त्याला मदिनेचं नाव देतो, हे मला नेहमी गोड वाटत आलं आहे. यात त्याचा धंदा होता हे माहीत असूनही.

दोन कंपन्यांत भाड्याचं युद्ध पेटलं. तिकीट इतकं कोसळलं की सरकारला मध्ये पडावं लागलं. आणि इथं माझे पणजोबा येतात. दादीच्या सांगण्याप्रमाणे त्यांचा हज 'त्या स्वस्ताईच्या साली' झाला. एरवी झालाच नसता. भाताच्या दोन खाचरांवर जगणारा माणूस, त्याला जेद्दा कुठलं? ते कुठल्या जहाजानं गेले हे दादीला सांगता येत नव्हतं. मी खोदून विचारलं तर म्हणाली, "जे सस्तं होतं त्यानं गेले असतील, आणखी कशानं?"

देशी कंपनीचं जहाज निवडलं नाही म्हणून मी त्यांना काय म्हणू? आयुष्यात एकदाच उघडलेला दरवाजा होता, आणि दोन शेठांच्या भांडणानं तो उघडला होता. तुतिकोरीनचा मजूर छत्री घेऊन मळ्यावर गेला, त्याच्या बाबतीतही मला आता हेच वाटतं. स्वदेशी कंपनीला तगवण्याचं ओझं बाकीर सेठांनी दोन लाखांनी उचललं, कारण ते उचलू शकत होते. आठ आण्यांवर आठवडा काढणाऱ्यावर तेच ओझं टाकून त्याचं इमान तपासणं, हा मला अन्याय वाटतो. आपल्या माणसाकडूनच घ्या आणि त्यांच्याकडून घेऊ नका, असे मेसेज आज दोन्ही बाजूंनी फिरतात. त्यांचा भार नेहमी गरीब गिऱ्हाइकावर आणि गरीब दुकानदारावर पडतो. ते लिहिणाऱ्याचं काही जात नाही.

ही चुरस कुणीच जिंकलं नाही. १९३९ला महायुद्ध आलं. १६ मार्च १९४४ रोजी 'अल मदिना' बंगालच्या उपसागरात सैनिकांना नेत असताना जपानी पाणबुडीनं बुडवलं, साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. महिनाही झाला नव्हता, तोच १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन'चा स्फोट झाला. त्यात जळालेल्या जहाजांत 'अल हिंद' होतं. मोगल लाईन १९६०मध्ये सरकारच्या ताब्यात आली. 'अकबरी', 'मोहम्मदी' या तिच्या जहाजांची नावं आमच्या पिढीच्या कानांवर आहेत. माझ्या मामूंना निरोप द्यायला आम्ही मुंबईला गेलो होतो, धक्क्यावर फुलांचे हार आणि रडारड. १९९५ साली ही वाटही बंद झाली. मोगल लाईनला हरवलं ते दुसऱ्या जहाजानं नाही, विमानानं.

एवढं सगळं त्या रात्री सांगून झालं नव्हतं. पुतण्यानं मधेच विचारलं, "मग त्या हाजी सेठच्या दोन लाखांचं काय झालं?"

"कंपनी बुडाली तिथं शेअर कुठले राहणार?"

तो काही बोलला नाही. तेवढ्यात मोहल्ल्यातलाच एक मुलगा खोक्यातून नवा फोन काढत आत आला. ऑनलाइनचा, दिसतच होतं. पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं, फोन हातात घेतला, कापडानं पुसला आणि काचांचं पाकीट शोधायला लागला. दीडशे रुपये सांगितले. मुलगा म्हणाला, "भाई, शंभर घ्या ना, आपलेच आहात."